कुलूप लागले म्हणून घर सुटले काय?



दसरा-दिवाळी झाली की आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या कितीतरी दारांना कुलपे लागतात. कोणी ऊसतोडीला जातो, कोणी वीटभट्टीवर, कोणी पुण्याकडे तर कोणी सुरतेकडे. कुलूप स्वतःच्या घराला असले तर प्रश्न नाही. पण खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर, शेगाव अशा बाजाराच्या गावी भाड्याच्या खोलीला कुलूप लागते, एक महिना जातो, दुसरा जातो, भाडे येत नाही, निरोप येत नाही. मग घरमालक विचारात पडतो. "गेला का राह्यला, काही समजतच नाही गा!" शेजारी सल्ला द्यायला तयारच असतो. "घर तुमचं, दार तुमचं. टाका कुलूप तोडून! भ्यायचं कोनाले?"

हा सल्ला का ऐकू नये आणि त्याऐवजी काय करावे, हे आज सांगावयाचे आहे. शिक्षक बंधुभगिनींनी ते विशेष लक्षपूर्वक ऐकावे. बदलीच्या नोकरीमुळे ते स्वतः पुष्कळदा भाडेकरू असतात. शिवाय गावात कागद वाचून घ्यायचा झाला की लोक त्यांच्याकडेच येतात.

प्रथम घरमालकाची बाजू. घरमालक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे माडीवाला सावकार येतो. पण एखाद्या विधवा बाईच्या घरची मागची एकच खोली भाड्याने दिलेली असते आणि त्या भाड्यावर तिचे तेल-मीठ चालते. चार महिने कुलूप राहिले तर तिचे चार महिन्यांचे मीठ अडते. तिची अडचण खरी आहे. आता कुलपाच्या आत पाहा. आत एक पेटी असते, शिलाईचे यंत्र असते, मुलांचे शाळेचे दाखले असतात, रेशनकार्ड असते. माणूस कदाचित अकोल्याच्या दवाखान्यात असेल, कदाचित कारखान्याच्या फडावर असेल. परत येऊन त्याने पाहिले की खोलीत दुसरेच बिऱ्हाड आहे आणि आपली पेटी कोठे गेली कोणाला ठाऊक नाही, तर त्याने कोणाच्या तोंडाकडे पाहावे?

कायद्याने येथे दोन शब्द वेगळे ठेवले आहेत: मालकी आणि ताबा. घर भाड्याने दिले की मालकी आपल्याकडे राहते, पण ताबा भाडेकरूकडे जातो. तो गावाला गेला म्हणून ताबा त्याच्याबरोबर जात नाही. तो त्या कुलपात राहतो. ताबा सोडणे ही मनाची गोष्ट आहे. किल्ली परत देणे, सामान हलविणे, 'खोली सोडली' असे लिहून देणे, या खुणांवरून ती ओळखावयाची असते. नुसते बंद दार ही त्याची खूण नव्हे.

१९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याचे सहावे कलम असे की, ज्याचा स्थावर मिळकतीचा ताबा त्याच्या संमतीवाचून आणि कायद्याचा मार्ग सोडून काढून घेतला, त्याने सहा महिन्यांच्या आत दावा लावला तर न्यायालय त्याला ताबा परत देऊ शकते. "पण घर माझे आहे" हे उत्तर त्या दाव्यात चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही १९८९ साली आणि पुन्हा २००३ साली हेच तत्त्व सांगितले: स्थिरावलेला ताबा खुद्द मालकालाही स्वतःच्या हाताने काढून घेता येत नाही. शिवाय कुलूप तोडून आत शिरणे आणि सामानाला हात लावणे यातून फौजदारी प्रकरण उभे राहू शकते, ते वेगळेच.

आपल्या वऱ्हाडाला हा विचार नवा नाही. बुलढाणा जिल्हा मध्यप्रांत व वऱ्हाडात होता, तेव्हा १९४९ साली घरभाड्यासंबंधी एक आदेश निघाला. भाडेकरूला घर सोडण्याची नोटीस द्यायची तर घरमालकाला आधी रेंट कंट्रोलरची लेखी परवानगी घ्यावी लागे. परवानगीच्या कारणांत एक कारण असे होते की, भाडेकरू सलग चार महिने तो भाग सोडून गेला आहे आणि त्याला घराची वाजवी गरज उरलेली नाही. दोन्ही गोष्टी दाखवाव्या लागत. नुसते जाणे पुरेसे नव्हते. गरज संपली आहे काय, हेही पाहिले जाई. १९५६ साली आपण मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्रात आलो, तरी विदर्भात हा आदेश चालूच राहिला.

मग ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा सगळ्या राज्यासाठी एकच कायदा अमलात आला. ज्या शहरांना आणि गावांना तो लागू आहे, तेथे त्याचे सोळावे कलम लक्षात ठेवावे. ज्या कामासाठी जागा दिली त्या कामासाठी ती दाव्याच्या आधी सलग सहा महिने, वाजवी कारणावाचून, वापरली गेली नसेल, तर मालकाला न्यायालयातून ताबा मागता येतो. यातले 'वाजवी कारणावाचून' हे शब्द विसरू नयेत. पोटासाठी गेलेला, दवाखान्यात पडलेला, आईच्या आजारपणामुळे गावी अडकलेला, अशा माणसाला आपले कारण न्यायालयापुढे मांडता येते.

भाडे थकले असेल तर त्याची वाट निराळी आहे. आधी थकलेल्या रकमेची लेखी मागणी करावी लागते. ती पोचल्यावर नव्वद दिवस गेल्याखेरीज त्या कारणावर दावा लावता येत नाही. दाव्याचे समन्स लागल्यावरही भाडेकरूने नव्वद दिवसांत थकबाकी, तिच्यावर दरसाल शेकडा पंधरा दराने व्याज आणि दाव्याचा खर्च भरला, तर त्याची जागा वाचू शकते. जेथे हा अधिनियम लागू नाही, तेथे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा पाहावा लागतो. महिन्याच्या भाड्याने दिलेल्या घराला, वेगळा करार नसेल तर, तो पंधरा दिवसांची लेखी नोटीस सांगतो. पण नोटिशीची मुदत संपली म्हणून कुलूप तोडण्याची मुभा तेथेही मिळत नाही.

कोणी म्हणेल, "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असे वाडवडील सांगून गेले." म्हण खोटी नाही. पण कुलूप तोडणारा ती पायरी टाळत नाही. तो प्रतिवादी होऊन किंवा आरोपी होऊन ती चढतो. पायरी टाळावयाची असेल तर पुढील क्रमाने जावे.

पहिली गोष्ट चौकशीची. फोन करावा. फोन लागला नाही तर शेजारी, कामावरचा मुकादम, मुलांची शाळा, मूळ गावचे नातेवाईक यांना विचारावे. पुष्कळ प्रकरणे येथेच मिटतात. भाडेकरू वारला असे कळले, तरी त्याच्याबरोबर राहणाऱ्या बायकामुलांचा हक्क संपला असे समजू नये.

दुसरी गोष्ट पत्राची. शेवटचे भाडे कोणत्या महिन्याचे मिळाले, थकबाकी किती, खोली ठेवायची की सोडायची, हे साध्या भाषेत लिहून विचारावे. पत्र खोलीच्या पत्त्यावर आणि मूळ गावच्या पत्त्यावर, पोच मिळेल अशा टपालाने पाठवावे. माणूस सापडतच नसेल तर एक प्रत दारावर ठळक जागी चिकटवावी. नोटीस देण्याची ही रीत कायद्यालाही मान्य आहे. नक्कल आणि पोच जपून ठेवावी.

तिसरी गोष्ट अडचणीच्या प्रसंगाची. आत नळ फुटला, विजेची ठिणगी उडाली, छत खचले, तर थांबून चालत नाही. अशा वेळी पोलिसांना कळवावे, दोन तटस्थ पंच घ्यावेत, काय पाहिले ते लिहून काढावे, फोटो घ्यावेत, बिघाड तेवढा दुरुस्त करावा आणि दार पुन्हा बंद करून भाडेकरूला कळवावे. दुरुस्तीला शिरलो आणि ताबा घेतला असे होऊ देऊ नये. माणूस यावा किंवा जावा म्हणून पाणी किंवा वीज तोडणे हेही या अधिनियमाने मना केले आहे.

चौथी गोष्ट निकालाची. भाडेकरू सोडतो म्हणाला तर तारीख घालून लेखी घ्यावे, किल्ली घ्यावी, सामानाची यादी करून ते त्याच्या हवाली करावे, अनामत रकमेचा हिशेब त्याच दिवशी मिटवावा. काहीच उत्तर आले नाही तर वकिलामार्फत दिवाणी न्यायालयात जावे. गैरहजर माणसावर समन्स बजावण्याची सोय कायद्यात आहे, आणि हुकूम झाल्यावर न्यायालयाचा बेलीफ पंचांसमक्ष ताबा देतो. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळू शकतो. त्या विधवा बाईने हे दार जरूर ठोठवावे. तडजोड होण्यासारखी असेल तर लोकअदालत आहे. तेथल्या निवाड्याला न्यायालयाच्या हुकूमनाम्याचेच बळ असते.

भाडेकरूंनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. गावाला जाणे हा तुमचा हक्क असेल, पण न सांगता जाणे हा हक्क नव्हे. परत केव्हा येणार ते सांगावे, भावाचा किंवा मेहुण्याचा नंबर द्यावा, भाडे फोनवरून पाठविता येते ते पाठवावे. बदली झालेल्या शिक्षकांनी 'पुढे पाहू' म्हणून दोन वर्षे कुलूप ठेवू नये. किल्ली हातात द्यावी आणि खोली सोडल्याची पोच घ्यावी.

या सगळ्या घोळाचे मूळ बहुतेक वेळा एका कागदाच्या अभावात असते. भाड्याचा करार लेखी असला पाहिजे आणि त्याची नोंदणी झाली पाहिजे, असे १९९९ च्या अधिनियमाचे पंचावन्नावे कलम सांगते. ही जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदविलेला नसेल, तर अटींविषयी भाडेकरू सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. भाड्याची पावती देणे हेही मालकाचेच कर्तव्य आहे.

तेव्हा यंदा कुलपे लागण्याआधी एक काम करा. करारात दोन पत्ते लिहून घ्या, एक खोलीचा आणि एक मूळ गावचा. त्याखाली एक वाक्य घाला: महिनाभराहून अधिक बाहेर राहावयाचे झाल्यास भाडेकरू मालकास कळवील. लिहिणे जमत नसेल तर गावच्या गुरुजींकडे जा. आणि गुरुजी, कोणी असा कागद घेऊन आला तर त्याला दोन्ही बाजू वाचून दाखवा, मालकाचीही आणि भाडेकरूचीही.