जबलपूरची जबानी आणि इंग्रजी कादंबरी

व्हिक्टोरियाकालीन कादंबरीचा एक धागा आपल्या जबलपुरातून निघतो, हे ऐकून श्रोत्यांना नवल वाटेल. भोसल्यांची येथील सत्ता गेल्यावर काही वर्षांनी स्लीमनसाहेबांनी येथे ठगांच्या बंदोबस्ताची कचेरी थाटली आणि माफीच्या साक्षीदारांच्या जबान्या लिहून घेतल्या. ठगांच्या गुप्त बोलीवरील त्यांचा ग्रंथ १८३६ साली निघाला. त्याच मोहिमेच्या वातावरणात निजामाच्या चाकरीतील मेडोज टेलर यांनी ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ लिहिली; १८३९ साली ती लंडनला प्रसिद्ध झाली. तीत अमीर अली स्वमुखाने बोलतो. परंतु लेखणी अधिकाऱ्याची आहे. फास चुकविण्यासाठी दिलेली जबानी आणि आपल्या राज्याचे समर्थन शोधणारा वाचक, यांच्यामध्ये ही कथा घडली. म्हणून ती रस घेऊन वाचावी; साक्ष म्हणून मात्र पारखूनच घ्यावी.