बालातोनच्या काठावरून एक फोन

आज जाऊया हंगेरीला, बालातोनफ्यूरेद नावाच्या गावात. नाव जरा अवघड आहे, आपण नुसतं फ्यूरेद म्हणू.

बुडापेस्टहून रेल्वेने साधारण दोन तास लागतात. समोर बालातोन, मध्य युरोपातलं सगळ्यात मोठं सरोवर. सुमारे ६०० चौरस किलोमीटर पसरलेलं, आणि सरासरी खोली? फक्त तीनेक मीटर! पेट्रोल-डिझेलवरच्या खासगी बोटींना बंदी आहे, त्यामुळे बघावं तिकडे शिडंच शिडं. सरोवराला वळसा घालणारी ‘केकसालाग’ ही शिडाच्या बोटींची शर्यत १९३४ साली सुरू झाली. वादळ येणार असलं की काठावरचे दिवे लुकलुकतात. जितके जलद, तितका धोका जास्त.

काठावर झाडांची लांबलचक वाट आहे. तिचं नाव वाचलं आणि थबकलोच. टागोर! १९२६ मध्ये हृदयाच्या उपचारांसाठी रवींद्रनाथ इथे आले होते. बरं वाटल्यावर त्यांनी इथे एक झाड लावलं.

पण मी आलो होतो वेगळ्याच कारणाने. म्युनिकच्या माझ्या ऑफिसात एक सहकारी आहे. तिची आई ड्रेस्डेनची, मावशी म्युनिकची. तेव्हा जर्मनीचे दोन तुकडे होते. पूर्वेकडच्यांना पश्चिमेत सहज जाता येत नसे, पण हंगेरीत सुट्टीला येता यायचं. म्हणून दोघी बहिणी उन्हाळ्यात बालातोनला भेटायच्या. अशी कितीतरी कुटुंबं इथे भेटली. त्यांच्यावर नजर ठेवायला पूर्व जर्मनीचे हेरही यायचे! अखेर सप्टेंबर १९८९ मध्ये हंगेरीने या लोकांसाठी सीमा उघडली.

बाकावर बसून मी हाच विचार करत होतो. त्या दोघींच्या मधे अख्खी सीमा होती. माझ्या आणि दादाच्या मधे काय? गावच्या घराची वाटणी. दोन वर्षं आम्ही बोललो नव्हतो.

फोन लावला. तिकडे रात्रीचे दहा वाजले असतील.

“दादा, मी बोलतोय.”

बराच वेळ काहीच नाही. मग म्हणाला, “जेवलास का?”

वाटणीचं अजून ठरलेलं नाही बरं का. पण आता दर रविवारी बोलतो.

तुमच्या फोनमध्येही असा एखादा नंबर असेल, तर हा भाग संपल्यावर लावून बघा. भेटूया पुढच्या भागात!