विदुषी प्रभाताई अत्रे
(वरसे येथे मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने मला केली आणि विषयही माझ्याकडेच सोपवला. आपल्या मंडळात भजन म्हणणाऱ्या पुष्कळ जणी आहेत, पेटीवर हात चालणाऱ्याही आहेत. तरी मुलीचा प्रश्न आला की वरसे काय, रोहे काय, घरोघरी एकच वाक्य ऐकू येते : "गाणे हौसेपुरते ठीक, पण आधी शिक्षण." जणू गाणे आणि शिक्षण या दोन सवतीच! म्हणून आज डॉ. प्रभा अत्रे यांच्याविषयी सांगावे असे मनात आले.

प्रभाताईंचा जन्म १३ सप्टेंबर १९३२ चा, पुण्याचा. घरात गाण्याची परंपरा नव्हती. त्यांच्या आईंची, इंदिराबाईंची, प्रकृती बरी नसे. गाणे शिकल्याने मनाला विरंगुळा मिळेल असे कोणी तरी सुचवले, म्हणून त्यांनी शिकवणी सुरू केली. आईचे शिकणे थोड्याच दिवसांत थांबले. पण ते ऐकता ऐकता आठ वर्षांच्या मुलीला गोडी लागली, ती कायमची. ही हकिगत मला फार आवडते. आपण पेटी उघडून बसतो तेव्हा दाराआड कोण ऐकत असते, याचा आपल्याला पत्ताही नसतो.

पुढे प्रभाताईंनी विज्ञानाची पदवी घेतली, मग कायद्याची. आणि याच काळात गाण्याची तालीमही चालू! गुरू लाभले ते किराणा घराण्याचे सुरेशबाबू माने आणि त्यांच्या भगिनी हिराबाई बडोदेकर. कुलीन घरातील श्रोत्यांपुढे, जाहीर मैफलीत, स्त्रीने ताठ मानेने गावे असा दिवस ज्यांनी आणला त्यांत हिराबाईंचे नाव पहिल्या ओळीत येते. सुरेशबाबू १९५३ साली गेले. एकीकडे कायद्याची पुस्तके, दुसरीकडे तानपुरा, असे त्या घरातले चित्र डोळ्यांपुढे आणून पाहा. विसाव्या वर्षी मुलीचे लग्न उरकण्याच्या त्या दिवसांत आईवडिलांनी तिला दोन्ही करू दिले, याचे मोल मला पदव्यांपेक्षा अधिक वाटते.

आता त्यांच्या खऱ्या कामाकडे वळते. ख्याल गाताना गायक कधी आकाराने आलाप करतो, कधी चिजेचे शब्द घेऊन, तर कधी सा, रे, ग, म अशी स्वरांची नावेच गातो. या तिसऱ्या प्रकाराला सरगम म्हणतात. पुष्कळ जाणत्या मंडळींना ती रुचत नसे. स्वरांची नावे शिकवणीत घोकायची, मैफलीत भाव हवा, असा त्यांचा आक्षेप. प्रभाताईंनी तो नुसता झटकून टाकला नाही. त्यांनी सरगम हाच आपल्या प्रबंधाचा विषय केला आणि त्यावर डॉक्टरेट मिळवली. स्वराच्या नावालाही स्वतःचा नाद असतो, 'ग' उच्चारणे आणि 'नी' उच्चारणे कानाला सारखे लागत नाही, तेव्हा सरगम ही व्याकरणाची उजळणी नसून गाण्याचीच सामग्री आहे, ही त्यांची भूमिका. आणि ती त्यांनी कागदावर मांडली तशी गळ्यातूनही दाखवली. टीका पुष्कळ झाली, पण त्या हटल्या नाहीत.

अमुक राग अमुक वेळीच गावा, अमुक रागातून अमुकच रस निघतो, ही परंपरेची मतेही त्यांनी तपासून पाहिली. गुरूंविषयी मनात आदर, पण "असे का?" हे विचारण्याची सवय सोडायची नाही. ती सवय मला तरी त्यांच्या विज्ञानाच्या शिक्षणाचीच देणगी वाटते. ते शिक्षण गाण्यात वाया गेले असे कोण म्हणेल?

काही वर्षे त्या आकाशवाणीवर होत्या. पुढे १९७९ ते १९९२ पर्यंत मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात संगीताच्या प्राध्यापिका आणि विभागप्रमुख होत्या. हे विद्यापीठ आपल्या कोकणच्याच अण्णासाहेब कर्व्यांनी १९१६ साली स्थापिले. जिथे मुलीने पदवी घ्यावी म्हणून एका माणसाने दारोदार वर्गणी मागितली, तिथे पुढे एक बाई गाणे हा पदवीचा विषय म्हणून शिकवू लागली. आपल्यासारख्या मंडळांनी हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

निवृत्तीनंतर पेन्शन घेऊन स्वस्थ बसणे त्यांना कसे जमावे? पुण्यात 'स्वरमयी गुरुकुल' उभे राहिले. गाणे, शिकवणे, लिहिणे अखंड चालू राहिले. 'स्वरमयी' हेच नाव त्यांच्या गाजलेल्या मराठी पुस्तकाचेही. १८ एप्रिल २०१६ ला दिल्लीत एकाच व्यासपीठावरून त्यांची अकरा पुस्तके प्रसिद्ध झाली, तेव्हा वय ८३! पद्मश्री, पद्मभूषण आणि २०२२ साली पद्मविभूषण, असे मान मिळाले. १३ जानेवारी २०२४ ला पुण्यात त्यांचे निधन झाले. वय ९१ वर्षांचे.

माझे बोलणे लांबले. आता प्रभाताईंची मारुबिहाग आणि कलावती रागांची प्रसिद्ध ध्वनिमुद्रिका लावायची आहे. त्यातला कलावती ऐकताना एक गंमत करा. या रागात रिषभ आणि मध्यम हे दोन स्वर मुळीच नाहीत. सा, ग, प, ध आणि कोमल नी, एवढ्या पाचांवरच सारा डोलारा. सरगम सुरू झाली की बोटांवर मोजा, रे किंवा म कुठे सापडतो का ते. मुलांनाही आत बोलवा, बाहेर ओट्यावर खेळताहेत ती. चहा त्यानंतर.