टायर मोठे, वाट तीच
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापूस वेचून झाला की पांदणीतून गाडी काढताना जीव टांगणीला लागतो. चाकोऱ्या खोल गेलेल्या, मधला उंचवटा पिकअपच्या पोटाला घासतो. मग आपण म्हणतो, मोठे टायर बसवू. ते पुढे मडगार्डला घासतात, म्हणून गॅरेजवाला टॉर्शन बारचा बोल्ट आवळून गाडीचे तोंड वर करून देतो. आम्हीही हे करून पाहिले. शेतीची पदवी इथे उपयोगी पडली नाही, हिशेब पडला. तोच आज मांडतो.

७० सेंटीमीटर व्यासाचे टायर काढून ७६ चे घातले, तर ॲक्सल फक्त ३ सेंटीमीटर वर येतो. ओढण्याची ताकद मात्र सुमारे ८ टक्क्यांनी घटते. मीटर ५० दाखवतो तेव्हा गाडी ५४ ने पळत असते. टायर जड झाले, ब्रेक तेच राहिले, आणि कापसाच्या गाठोड्यांवर आपलीच माणसे बसलेली असतात.

बोल्ट आवळल्याने बार मजबूत होत नाही, नुसती उंची वाढते. चाकाला खाली जायला जागा उरत नाही, म्हणून प्रत्येक खड्ड्यात हिसका बसतो. बॉल जॉइंटवर ताण येतो, चाकांचा कोन बिघडतो आणि नवे टायर एका कडेने झिजतात.

करायचेच असेल, तर कंपनीने त्या गाडीला मान्य केलेल्याच मापाचे टायर घ्या. आधीची उंची मापून ठेवा. दोन्ही बाजू थोड्याच आणि सारख्या उचला. मग अलाइनमेंट करा. भरल्या गाडीत स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून टायर घासतो का पाहा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी नेमके त्यावरच बोट ठेवते.

भावांनो, रस्ता नाही म्हणून आपण गाडी बदलतो. म्हणजे सरकारने करायचा खर्च आपण आपल्या खिशातून भरतो. पांदण रस्त्यांसाठी २०२१ मध्ये राज्य सरकारने मातोश्री योजना काढली. आपल्या गावच्या पांदणीचे काय झाले, हे येत्या ग्रामसभेत उभे राहून विचारू. उत्तर लेखी घेऊ. बोल्ट आवळायचाच तर तो तिथे आवळू.