दादीलाही विचारा



आपल्या लांजा तालुक्यातील कितीतरी घरांतला कर्ता मुलगा मुंबईस किंवा आखातात नोकरीला असतो. मागे राहतात म्हातारी माणसे. त्यांपैकी एखाद्यास विस्मरणाचा आजार जडला की औषध, शस्त्रक्रिया, वृद्धाश्रम, सारे फोनवरून ठरते. ज्याच्या देहाविषयी ठरते त्याला मात्र कोणी विचारीत नाही.

ही चूक मीही केली आहे. वडिलांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या कागदावर, ‘त्यांना काय कळते’ म्हणून मीच सही केली. घरी आल्यावर ते डोळ्याची पट्टी ओढीत आणि विचारीत, “हे कोणी केले?” आधी सांगितले असते तर कदाचित ते विसरलेही असते, पण त्यांची भीती तरी कमी झाली असती.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. समीरा कोहली खटल्यात 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जिवावर बेतले नसेल तर भूल दिलेल्या सज्ञान रुग्णाऐवजी तिच्या आईने दिलेली संमती चालत नाही. मानसिक आजारांवरील उपचारांसाठी 2017 चा कायदा आहे. माहिती रुग्णाला समजेल अशा सोप्या भाषेत द्यावी, त्याचा होकार-नकार बोलून किंवा खुणेनेही ग्राह्य धरावा, आणि इतरांना त्याचा निर्णय चुकीचा वाटला एवढ्यावरून त्याला समज नाही असे ठरवू नये, असे तो सांगतो. आपल्या वतीने कोणी बोलावे, हे साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून नेमण्याची सोयही त्यात आहे. पण हा कागद समज शाबूत असतानाच करावयास हवा.

विद्यार्थी मित्रांनो, येथे तुमचे शिक्षण कामी येते. अंगठा घेण्यापूर्वी दादीला तो कागद घरच्या बोलीत वाचून दाखवा. तिचा चष्मा लावा, सकाळची शांत वेळ निवडा, एका वेळी एकच गोष्ट सांगा. ती मान फिरवील तर थांबा; उद्या पुन्हा विचारा.

आठवण गेली तरी माणसाचा मान जात नाही.