भद्रचा बुरूज

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त योजलेल्या व्याख्यानमालेत अहमदाबाद येथे केलेले भाषण)



अशा प्रसंगी एखाद्या विद्वानाला पाचारण करण्याची प्रथा आहे. ती मोडून कार्यकारी मंडळाने आमच्यासारख्या केंद्र सरकारच्या एका अधिकाऱ्याला येथे उभे केले, याबद्दल आभार मानावेत की तक्रार करावी हे भाषण संपल्यावर आपणच ठरवावे. आमची विद्या बी. ए. पर्यंतची, आणि तीही इतिहासाची नव्हे. तेव्हा संशोधन असे काही मांडणार नाही. ज्याच्या सावलीत आपण सर्वजण वर्षानुवर्षे चादरी, चपला आणि नवरात्रातील घागरे खरेदी करीत आलो, त्या भद्रच्या बुरुजावर आम्ही गेल्या हिवाळ्यात परवानगी काढून सहकुटुंब चढलो. त्या सकाळची ही हकीकत आहे.

मराठी माणसाच्या मनात बुरूज म्हटला की सह्याद्रीचा कडा उभा राहतो. खाली धुके, वर भगवा, आणि चढताना लागलेला दम. भद्रचा बुरूज त्या मानाने अगदीच संसारी. सपाट जमिनीवर, भर बाजारात, दरवाजाच्या दोन्ही अंगांना दोन गोल भरभक्कम बुरूज आणि मध्ये एक घड्याळ. आमची कन्या पायथ्याशी उभी राहून म्हणाली, "बाबा, हा किल्ला कुठे? हे तर ऑफिस वाटते." तिचे फारसे चुकले नव्हते. इंग्रजी अमदानीत आणि त्यानंतरही या आवारात कचेऱ्याच होत्या.

सुलतान अहमदशहाने १४११ साली साबरमतीच्या पूर्व काठी हे शहर वसविले आणि नदीला लागून सुमारे ४३ एकरांचा हा कोट बांधला. एलिस पुलाच्या तोंडाशी जो माणेक बुरूज आहे, तेथे पहिला पाया घातला असे मानतात. माणेकनाथ बाबाची गोष्ट आपल्या मुलांना गुजराती शेजाऱ्यांकडून ठाऊक असते. बाबा दिवसभर चटई विणीत आणि रात्री ती उसवीत, तशी दिवसभर बांधलेली भिंत रात्री ढासळे. सरकारी बांधकामांशी आमचा जो थोडाफार संबंध आला, त्यावरून या आख्यायिकेवर आमचा संपूर्ण विश्वास आहे.

घड्याळाची कथा मात्र आख्यायिका नव्हे. ते १८४९ साली लंडनहून आठ हजार रुपये खर्चून आणले आणि या दरवाजावर बसविले ते १८७८ साली, आणखी २,४३० रुपये खर्चून. मधली एकोणतीस वर्षे ते कोणत्या टेबलावरून कोणत्या टेबलावर फिरत होते, याची कल्पना या सभागृहातील सेवानिवृत्त मंडळी सहज करू शकतील. पुढे १९१५ साली त्याला विजेचा दिवा लाभला. शहरातील विजेची ती पहिली जोडणी म्हणतात.

आत शिरताच आझमखानाची सराई लागते. हा आझमखान शहाजहानच्या काळचा सुभेदार. १६३७ साली त्याने ही वास्तू उभारली. त्याला बांधकामांचे इतके वेड की लोकांनी त्याचे नाव 'उधई', म्हणजे वाळवी, असे ठेवले होते. आपल्या वरिष्ठांना टोपणनावे ठेवण्याची रीत किती जुनी आहे, हे पाहून समाधान वाटले.

वर गेल्यावर पश्चिमेला नदी दिसते. एके काळी ती कोटाच्या पुष्कळ जवळून वाहत असे. आता ती दोन्ही काठांच्या भिंतींमध्ये शिस्तीने उभी आहे, आणि तिच्यातले पाणी बहुतांशी नर्मदेचे आहे. पूर्वेकडे पाहिले की तीन दरवाजाच्या तीन कमानी, आणि त्यापलीकडे १४२४ साली पूर्ण झालेल्या जामा मशिदीचे घुमट. तिचे उंच मिनार १८१९ च्या भूकंपात मोडले. खाली माणसांची डोकी, छत्र्या, हातगाड्या. सुलतानाच्या वेळी येथे शाही मैदान होते.

येथवर सारे सहलीच्या वर्णनात शोभेल असे. पण त्या गच्चीवर कन्येने विचारले, "आपले लोक इथे होते ना? मग त्यांनी काय बांधले?"

बंधुभगिनींनो, या प्रश्नाला आम्ही तेथे नीट उत्तर देऊ शकलो नाही, आणि आजही सांगताना जीभ थोडी अडखळते. १७५३ साली रघुनाथराव आणि दमाजी गायकवाड यांनी शहर घेतले, १७५६ साली ते मोमीनखानाने परत घेतले, १७५८ साली पुन्हा आपल्याकडे आले आणि मधला इंग्रज सेनापती गॉडर्डचा १७८० चा हल्ला सोडला तर १८१७ पर्यंत राहिले. म्हणजे जवळजवळ साठ वर्षे. एवढ्या काळात पेशव्यांचा अंमलदार या भद्रमध्ये, गायकवाडांची माणसे नैर्ऋत्येच्या हवेलीत, आणि वसूल दोघांत वाटून. एका शहरावर दोन धनी असले की रयतेचे काय होते ते सांगावयास नको. पुरे ओसाड पडले, व्यापार घटला. येथील भद्रकालीचे देऊळ आपल्या अमलातले म्हणतात, ते सोडल्यास दाखविण्याजोगे फार थोडे. पेशव्यांनी आपला हिस्सा वर्षाला साडेचार लाखांच्या बोलीने गायकवाडांना इजाऱ्याने दिला, आणि त्याच इजाऱ्याच्या तंट्यासाठी पुण्यास गेलेले गंगाधरशास्त्री पटवर्धन १८१५ साली पंढरपुरात मारले गेले. पेशवाई बुडण्याच्या कारणांत या शहराच्या हिशोबाचाही एक आकडा आहे. शिवजयंतीच्या भाषणांत आपण हा भाग वगळतो. आम्हीही वगळीत आलो आहोत.

कन्येला आम्ही एवढेच म्हणालो, "चल, एक दगड दाखवतो."

खाली उतरून बाजारातून पाच-सात मिनिटे चाललो. तीन दरवाजाची मधली कमान सतरा फूट रुंद, बाजूच्या दोन तेरा-तेरा फुटांच्या. एका कोनाड्यात दिवा तेवत असतो. लक्ष्मी शहर सोडून निघाली, तेव्हा रखवालदाराने 'सुलतानाला विचारून येईतो थांब' असे तिला विनवले आणि ती थांबलेली राहावी म्हणून परत न येता स्वतःचा जीव दिला, अशी कथा आहे. त्या दिव्याची देखभाल एक मुसलमान कुटुंब पिढ्यान् पिढ्या करीत आले आहे. त्याच दरवाजाच्या एका खांबावर देवनागरी अक्षरांचा शिलालेख आहे. फेरीवाल्यांच्या गर्दीतून मान तिरकी करून तो पाहावा लागतो.

हा हुकूम १८१२ सालचा, मराठी अंमलदार चिमणाजी रघुनाथ यांचा. मजकुराचा आशय असा, की मुलीला बापाच्या मालमत्तेतील तिचा योग्य हिस्सा आडकाठी न करता द्यावा. न देणाऱ्या हिंदूला महादेवाकडे आणि मुसलमानाला अल्ला-रसूलाकडे जबाब द्यावा लागेल. वारसा कायद्याने मुलीला बापाच्या पश्चात मुलाबरोबर वाटा दिला तो १९५६ साली, आणि एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः हक्क दिला तो २००५ साली. आपल्या त्या वसुलीत गढलेल्या कारभाराने, आपल्या पडतीच्या दिवसांत, ही एक गोष्ट दगडावर कोरून ठेवली होती.

आम्ही हे सारे अभिमानाने सांगत होतो. कन्येने लेख संपेपर्यंत ऐकून घेतले आणि विचारले, "मग आत्याला किती मिळाले?"

गुहागरकडे आमचे वडिलोपार्जित घर आणि कलमांची लहानशी बाग आहे. वडील १९९८ साली वारले. त्या वर्षीच्या मे महिन्यात आम्ही दोघे भाऊ आणि ताई दुय्यम निबंधकांच्या कचेरीत गेलो. ताईने हक्कसोडपत्रावर सही केली. मसुदा आमच्याच हातचा होता. सरकारी नोकरीत मसुदे चांगले जमतात. 'स्वखुशीने व कोणत्याही दडपणाशिवाय' ही शब्दरचना आम्हीच घातली होती. येताना तिला एक साडी घेतली, आणि आईने तिची ओटी भरली. ताईने कधी एक शब्द काढला नाही. तिचे यजमान तेव्हा आजारी होते आणि तिला पैशांची गरज होती, हे आम्हांस ठाऊक होते. दडपण कोणीच आणले नव्हते, हे खरेच. विचारलेही कोणी नव्हते.

कन्येला काय उत्तर दिले ते येथे सांगत नाही. रिक्षात बसून घरी येईतो आमचे कुटुंबही काही बोलले नाही. रात्री त्यांनी लोखंडी कपाटातून तो दस्त काढून टेबलावर ठेवला.

नोंदलेले हक्कसोडपत्र सहजी मागे घेता येत नाही, असे वकिलांनी सांगितले. मात्र ज्याच्या नावावर हिस्सा आहे त्याने बक्षीसपत्र करून तो द्यावयास कायद्याची आडकाठी नाही. आमच्या हिश्श्यातून आम्ही ते करावयाचे ठरविले आहे. मुद्रांकाचा हिशोब झाला आहे. धाकटे बंधू अद्याप राजी नाहीत. "जुनी मढी कशाला उकरतोस, दादा," असे त्यांचे म्हणणे आहे, आणि फोनवर ते आता थोडे तुटकपणे बोलतात. ताईला कळवले, तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले ते परसातल्या रातांब्याबद्दल, तो अजून उभा आहे का म्हणून.

येत्या दिवाळीला ती आमच्याकडे येत आहे. आपल्या मंडळाच्या फराळाच्या कार्यक्रमाला तिला आणूच. भद्रच्या जिन्याच्या पायऱ्या तिच्या गुडघ्यांना झेपतील असे वाटत नाही. तीन दरवाजाला मात्र चढण नाही. सकाळी नऊच्या आत गेले तर फेरीवालेही बसलेले नसतात, आणि लेख सरळ उभे राहून वाचता येतो.