वऱ्हाडचा उन्हाळा आणि घरातला गारवा



वसंत व्याख्यानमालेत साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान हे विषय शोभतात. कूलर आणि एसी हा विषय येथे कोठून आला, असे काहींच्या मनात आले असेल. पण आपल्या वऱ्हाडात वसंत हा पंचांगापुरताच. चैत्र सरत नाही तोच ग्रीष्म दारात उभा राहतो आणि नवतपा संपेपर्यंत हलत नाही. मे २०२४ मध्ये अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर गेला, तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांना तत्कालीन फौजदारी संहितेचे कलम १४४ लागू करावे लागले. दंगलीसाठी वापरावयाचे कलम उन्हासाठी वापरावे लागले. अशा मुलखात घर थंड ठेवणे ही चैन नव्हे. म्हातारी माणसे, तान्ही मुले आणि टिनाच्या छपराखाली राहणारी कुटुंबे यांच्या दृष्टीने तो जिवाचा प्रश्न आहे.

मला आज एकच गोष्ट सांगावयाची आहे. ती ही की, यंत्र विकत घेण्याआधी आपण आपली हवा ओळखली पाहिजे. मुंबईच्या नातेवाइकाकडे जे यंत्र आहे तेच अमरावतीच्या घराला योग्य असेल, असे मुळीच नाही.

मुंबईची हवा दमट, आपली कोरडी. हा फरक किती मोठा आहे हे पाहण्यास एक साधा प्रयोग पुरेसा आहे. दोन तापमापक घ्या. एक तसाच ठेवा व दुसऱ्याच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून वारा घाला. मे महिन्याच्या दुपारी हवा ४३ अंश असेल आणि तिची सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या फडक्यातला पारा २३ अंशांच्या आसपास येऊन थांबतो. हे वीस अंशांचे अंतर म्हणजे निसर्गाने आपल्याला दिलेले भांडवल आहे. माठातले पाणी याच भांडवलावर गार होते. पाण्याची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता ओढून घेते. अकबराच्या काळी वाळ्याच्या ताट्या लावलेल्या खोल्या होत्या, तेथेही हेच तत्त्व होते. आणि आपल्या खिडकीतला कूलर म्हणजे मोटार बसवलेली वाळ्याची ताटीच होय.

चांगला कूलर त्या वीस अंशांपैकी सुमारे तीन चतुर्थांश, म्हणजे पंधरा अंश, आपल्या पदरात टाकतो. बाहेर ४३, तर कूलरच्या तोंडाशी २८. आता श्रावणातला दिवस घ्या. हवा ३२ अंश आणि आर्द्रता ७५ टक्के. ओल्या फडक्यातला पारा तेव्हा २८ च्या खाली फारसा जात नाही. अंतर उरले चार अंशांचे. त्यात कूलर बिचारा काय करणार? तो तीन अंश कमी करील आणि घरात चिकचिक मात्र वाढवील. कूलर पावसाळ्यात निकामी होतो, अशी तक्रार आपण करतो. यंत्र तेच असते, हवा बदललेली असते.

एसीचा जन्म कशासाठी झाला हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. १९०२ साली विलिस कॅरिअर या अमेरिकन अभियंत्याने न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यासाठी हे यंत्र योजिले. तेथे माणसांच्या सुखाचा प्रश्न नव्हता. दमटपणामुळे कागद फुगे आणि रंगांची छपाई जुळत नसे. हवेतले पाणी काढून घेणे हे या यंत्राचे मूळ काम. आपल्या वैशाखात हवेत काढून घेण्याजोगे पाणीच फारसे नसते!

आता खर्चाचा हिशेब करू. एक लिटर पाण्याची वाफ होते तेव्हा ते वीजमीटरच्या भाषेत सुमारे दोन तृतीयांश युनिट उष्णता शोषते. मध्यम खोलीचा कूलर भर दुपारी तासाला आठेक लिटर पाणी पितो, म्हणजे पाच युनिटांहून अधिक उष्णता शोषली गेली. एवढे करण्यास पंखा आणि पंप मिळून वीज लागते सुमारे २०० वॅट, म्हणजे तासाला एक पंचमांश युनिट. दीड टनाचा एसी पूर्ण जोराने चालत असता सुमारे दीड हजार वॅट घेतो. कूलरचा बराच गारवा बाहेर जाणाऱ्या हवेबरोबर निघून जातो हे खरे. तरीही विजेच्या बाबतीत तो फार स्वस्त पडतो. ही वीज कोठून येते? आपल्या अकोला जिल्ह्यातच पारसला २५० मेगावॅटचे दोन संच आहेत. तेथे कोळसा जळतो तेव्हा आपल्या घरातले बटण चालते.

मात्र कूलर फुकटात काम करतो असे समजू नका. तो विजेऐवजी पाणी खातो. दिवसाचे दहा तास चालला तर ८० लिटर. अकोल्याला काटेपूर्णेचे आणि अमरावतीला अप्पर वर्ध्याचे पाणी येते; उन्हाळ्यात त्याचा थेंब न् थेंब मोलाचा. म्हणून रिकाम्या खोलीत कूलर चालू ठेवणे हा पाण्याचा अपव्यय आहे.

यंत्राच्याही आधी घराकडे पाहावे. जुन्या धाब्याच्या घरांच्या जाड मातीच्या भिंती दिवसाचे ऊन पचवीत आणि घर थंड राखीत. आज आपण पातळ भिंती आणि उघडा स्लॅब बांधतो व मग ती उष्णता यंत्राने उपसत बसतो. स्लॅबवर चुन्याचा किंवा ऊन परतवणाऱ्या पांढऱ्या रंगाचा हात द्या. पश्चिमेच्या खिडकीला आतून पडदा लावण्यापेक्षा बाहेरून ताटी किंवा छज्जा द्या. काचेतून ऊन आत आल्यावर पडदा ओढणे म्हणजे चोर घरात शिरल्यावर कडी लावणे. सकाळी नऊच्या सुमारास दारे-खिडक्या बंद कराव्यात आणि बाहेरची हवा निवल्यावर उघडाव्यात. टिनाखाली राहणाऱ्यांनी वर पांढरा रंग आणि आतून चटईचे किंवा थर्मोकोलचे अस्तर एवढे केले तरी मोठा फरक पडतो. आपली थंडी थोड्या दिवसांची. तिच्यासाठी निराळे यंत्र घेण्याची गरज नाही. पण बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून कोणी झोपू नये, तिचा विषारी वायू जीव घेतो.

आता कूलरची निवड. खोलीचे आकारमान काढा. १२ फूट लांब, १२ फूट रुंद, १० फूट उंच खोली म्हणजे १४४० घनफूट, अथवा सुमारे ४० घनमीटर. ही हवा तासाला तीसेक वेळा बदलली पाहिजे. तेव्हा तासाला १२०० घनमीटर हवा देणारा कूलर या खोलीला पुरे. कूलर खिडकीच्या बाहेर, शक्यतो सावलीत बसवावा, म्हणजे तो बाहेरची कोरडी हवा घेईल. समोरची एखादी खिडकी मात्र उघडी हवी. कूलर लावून दारे गच्च बंद करणारे लोक स्वतःच्या घरात पावसाळा तयार करतात. एसीचा नियम याच्या नेमका उलट, त्याला फटी बंद हव्यात. म्हणूनच ही दोन यंत्रे एका खोलीत एकाच वेळी लावू नयेत. एक पाणी घालते, दुसरे काढते आणि बिल आपण भरतो.

निगा हा खरा महत्त्वाचा भाग. पूर्णेच्या खोऱ्यात आपला खारपाणपट्टा आहे. तिथल्या विंधनविहिरीचे पाणी कूलरमध्ये घालणाऱ्यांनी हा हिशेब पाहावा. लिटरमागे एक ग्रॅम क्षार धरले, तर रोजच्या ८० लिटरांमागे ८० ग्रॅम क्षार मागे राहतात. वाफ जाते ती शुद्ध पाण्याची, क्षार जात नाहीत. ९० दिवसांत ते सात किलोंहून अधिक होतात! ते ताट्यांवर बसतात, पंप धरतात आणि पत्रा खातात. यावर उपाय एकच. टाकीत नुसती भर घालू नये, आठवड्यातून एकदा ती पूर्ण रिकामी करून घासावी व कोरडी करावी. खारे पाणी असेल तर दोनदा. निघालेले पाणी अंगण धुण्यास चालते. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात आठवडा-दीड आठवड्यात तयार होतो. तेव्हा ही साफसफाई यंत्राची आणि मुलांचीही काळजी घेते. वुडवूलच्या ताट्या दर हंगामाला बदलाव्यात. वरच्या पन्हळीची भोके मोकळी ठेवावीत, कारण ताटीचा जो भाग कोरडा राहतो तेथून गरम हवा सरळ आत येते.

आणि आता सर्वांत गंभीर गोष्ट. पत्र्याची पेटी, आत पाणी, त्यात विजेचा पंप, आणि समोर ओल्या फरशीवर अनवाणी माणूस. कूलरचा धक्का लागून माणसे दगावल्याच्या बातम्या विदर्भात उन्हाळ्यात येतात, आणि बळी जाते ते बहुधा घरातले पाणी भरणारे माणूस, म्हणजे गृहिणी किंवा मूल. प्लग काढल्यावाचून पाणी भरू नये. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. अर्थिंग हंगामापूर्वी वायरमनकडून तपासून घ्यावे आणि घराच्या मीटरजवळ ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. वीज गळू लागली की तो क्षणात पुरवठा तोडतो. जीव वाचवणारी ही वस्तू आधी घ्यावी, नवा कूलर मागाहून.

एसी घ्यावयाचाच असेल, तर आजारी माणसासाठी, दम्याच्या रोग्यासाठी किंवा पावसाळी उकाड्यासाठी एक खोली निवडावी. ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या लेबलावर तारे असतात. ते पाहताना लेबलाचे वर्षही पाहावे, कारण ताऱ्यांचे निकष वेळोवेळी कडक होतात आणि जुन्या सालचे पाच तारे नव्या सालच्या पाचांइतके नसतात. लेबलावरचा वार्षिक युनिटांचा आकडा १६०० तासांच्या वापराचा असतो, त्यावरून आपला खर्च काढता येतो. जानेवारी २०२० पासून तारांकित एसी सुरू होताना २४ अंशांवर असावा असा नियम आहे. ब्यूरोच्या म्हणण्याप्रमाणे एक अंश वर नेला की सुमारे ६ टक्के वीज वाचते. २६ वर ठेवून वर पंखा लावला तर उत्तमच. धुळीच्या दिवसांत जाळी दर पंधरवड्याला धुवावी, बाहेरच्या भागाला सावली व मोकळी हवा द्यावी. आणि एक लक्षात ठेवा. एसीतला वायू पेट्रोलसारखा जळून संपत नाही. दरसाल वायू भरावा लागत असेल तर कोठे तरी गळती आहे. ती बुजवल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

ज्यांच्याकडे फक्त पंखा आहे, त्यांच्याविषयी बोलल्याशिवाय हे व्याख्यान पुरे होणार नाही. हवा ४० अंशांच्या वर गेली की नुसत्या पंख्यावर विसंबू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तो गरम हवाच अंगावर आणतो. अशा वेळी अंग ओल्या फडक्याने पुसावे, दारावर ओली चादर टांगावी, पाणी, पन्हे, ताक घेत राहावे. उन्हाने माणूस बरळू लागला, अंग भट्टीसारखे तापले, तर अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि तत्काळ १०८ ला फोन करावा.

श्रोतेहो, आपल्या कोरड्या हवेचा आपण पिढ्यान्‌पिढ्या राग राग केला. पण माठ ज्यांनी शोधला आणि वाळ्याची ताटी ज्यांनी दारावर टांगली, त्यांनी त्या हवेलाच कामाला लावले. आपल्या हाती त्यांच्याहून चांगली साधने आहेत. घरी गेल्यावर प्रथम कूलरचे अर्थिंग पाहा. आणि शेजारी कोणी म्हातारे माणूस टिनाखाली एकटे राहत असेल, तर दुपारच्या वेळी त्याला आपल्या घरी बोलवा. कूलर तेवढाच चालतो, गारवा मात्र एकाच्या जागी दोघांना मिळतो.